परवाना येईपर्यंत

आबाजी ढेब्यांनी ताक सोडलं, त्याला लोकांच्या लेखी कारण मी. खरं कारण दिल्लीचं बिनतारी खातं. पण दिल्ली काही तांबडमाळ चढून आली नाही, मी चढत होतो, तेव्हा बोट माझ्याकडे असणं साहजिक आहे.

तांबडमाळ हा पोलादपूरच्या डोक्यावरचा धनगरवाडा. मोजकी घरं, म्हशी, उतारावरची नाचणी-वरी आणि वाघजाईचं कौलारू देऊळ. तिथल्या माणसाने ताक सोडणं म्हणजे काय, हे महाडच्या बाजारपेठेत बसून कळायचं नाही. सकाळची भाकरी ताकात कुस्करून खायची, रानात तहान लागली की ताक, पाहुणा आला की पाण्याच्या आधी ताक. आबांच्या घरी म्हशी कायम दुभत्या. त्यांची बायको गोदूबाई सकाळी ताक घुसळायला बसायच्या, आणि घरधनी त्यांच्या समोर कोरडी भाकरी मिरचीच्या ठेच्याशी चावत बसायचे. पाण्याचा घोट घेऊन घास खाली ढकलायचे आणि ढोरं सोडायला उठायचे. तक्रार नाही, मोठेपणा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कागुद आला की पिनार."

तो कागद माझा. माझं चवदार तळ्याजवळ दुकान होतं. आधी झेरॉक्स आणि एसटीडी बूथ, मग दोन संगणक, मग इंटरनेट. वडील महाडच्या कोर्टात कारकून. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, कौल नाही, अंगात येणं नाही. त्या सगळ्याच्या जागी कायदा. "कागदावर काय आहे ते आधी वाच, मग तोंड उघड," हे वडिलांचं वाक्य मी जेवणाबरोबर ऐकत मोठा झालो. अजूनही मी कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, लग्नपत्रिकासुद्धा दोनदा वाचतो. बायको यावरून माझी टर उडवते.

दोन हजार दोनच्या आसपास पनवेलच्या एका छोट्या कंपनीने मला इंटरनेटची एजन्सी दिली. फोनच्या तारांवरून इंटरनेट चालायचं, पण पोलादपूरकडच्या तारा पावसाळाभर मेलेल्या असायच्या. कंपनीचं म्हणणं असं की तारेशिवाय करू. महाडात एक तबकडी, पोलादपुरात एक, आणि दोन्ही जिथून दिसतील अशा डोंगरावर मधे एक खांब. लहरी हवेतून जातील. ऐकायला सोपं. फक्त हवा सरकारची. कुठल्या लहरी, किती जोराच्या, नेमक्या कुठल्या जागेवरून, या सगळ्याला दिल्लीचा परवाना. त्याशिवाय खांब विमानांच्या आड येत नाही याची वेगळी मंजुरी. तांबडमाळावर विमान राहू दे, एसटीही पोचत नव्हती. पण नियम तो नियम. परवान्याविना यंत्र सुरू केलं तर गुन्हा, हे कंपनीने मला दोनदा बजावलं, आणि मला ते एकदाच सांगितलं तरी पुरलं असतं.

डोंगर हिंडून मी जी जागा शोधली ती आबांच्या आवाठात, घराभोवतीच्या आवारात निघाली, गोठ्याच्या मागच्या कातळावर. पहिल्या दिवशी ते कुंपणाचे काटे नीट करत होते. सडपातळ, डोक्याला मुंडासं, कानात भिकबाळीसारखं काहीतरी. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी हातातली काटेरी फांदी न सोडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवेचा पन सातबारा आस्तो, शेठ?"

"असतो असंच समजा," मी म्हटलं.

"आनि तो दिल्लीच्या नावावर?"

"हो."

"बराय. आमच्या जमिनीचा पन आमच्या नावावर नाय," ते म्हणाले आणि पुन्हा कुंपणाला लागले. गोदूबाईंनी मला ताक दिलं, अंगणात, अल्युमिनियमच्या मगात. पुढच्या खेपांना ते ओटीवर मिळू लागलं आणि मग आत, चुलीजवळ, घरच्या पेल्यात. अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात. राहायला नको होत्या, पण राहतात.

जागा द्यायला आबा तयार होते, भाड्यावर घासाघीस नव्हती. त्यांची अट वेगळीच होती. सोमा त्यांचा एकुलता मुलगा. दहावीत शाळा सोडून गेला तो थेट घाटकोपरला, एका केबलवाल्याकडे गच्च्यांवरून तारा ओढायला. वर्षातून एकदा, शिमग्याला यायचा. येताना पँट इस्त्रीची आणि बोलणं अर्धं हिंदी. चार दिवस राहायचा आणि पाचव्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर. आबांना तो परत हवा होता. बस, एवढंच. म्हशी कोण बघणार, आम्हाला कोण बघणार, असलं रडगाणं त्यांनी गायलं नाही. "सोमाला घरी आनायचा हाय," असं एखादं हरवलेलं जनावर दाखवावं तशा सुरात ते म्हणाले.

मी म्हटलं, खांब सुरू झाला की कंपनीला इथे एक कायमचा माणूस लागेल. बॅटरी, तारा, तबकडी बघायला. सोमाला तारांचं काम येतं. त्याच्याहून बरा माणूस मला मिळायचा नाही. हे खरं होतं, मी थापा मारत नव्हतो.

"कवा सुरू व्हनार?"

"परवाना आला की."

तिथून सगळं चालू झालं.

तांबडमाळावर वर्षातून एकदा वाघजाईसमोर गाऱ्हाणं घालतात. सगळा वाडा देवळात बसतो, जुना माणूस उभा राहून देवीला वाडीच्या वतीने मागणं सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार भरतात. गाऱ्हाणं घालायचा मान जानूबाबांचा, आबांच्या चुलतभावाचा. त्या वर्षी मी खांबाच्या कामासाठी वर होतो, म्हणून देवळाच्या पायरीवर बसलो होतो. जानूबाबांनी ढोरांचं मागितलं, पोराबाळांचं मागितलं, वाघराची नड टाळ म्हणाले. संपत आलं तेव्हा आबा उठले.

"आई, दिल्लीचा कागुद येऊ दे. कागुद आला की माजा सोमा घरी येल. तवर मी ताक तोंडाला लावनार नाय."

हुंकार आला नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. जानूबाबा खेकसले, "आरं, पोरगा पायजे तर पोरगाच माग की सरळ! मदी कागुद कशाला घालतोस?"

"रीतसर नको सांगाया?" आबा म्हणाले. "कागदाबिगर पोरगा येल कसा?"

रीतसर हा शब्द माझा होता, परवान्याबद्दल बोलताना मी तो सारखा वापरायचो. त्यांच्या तोंडून तो ऐकून माझं डोकं फिरलं. अर्ज मी करायचा, दिल्लीची दारं मी ठोठावायची, आणि भाकरी यांनी कोरडी खायची, हा कुठला हिशेब? मी देवळाबाहेर त्यांना म्हटलंही, "आबा, देवीला काय माहीत दिल्लीचं खातं?" ते म्हणाले, "तुमी तिकून बघा, आमी हिकून बघतो." 

खांब उभा राहिला. तबकडी मात्र लावायची नव्हती, म्हणून ती खोक्यातच आबांच्या माळ्यावर ठेवली. गोदूबाईंनी खोक्यावर जुनं लुगडं पांघरलं. खांब नुसताच उभा. त्यावर संध्याकाळी एक कावळा बसायचा. पोलादपूरच्या बाजारात लोक मला विचारायचे, धनगरवाड्यावर झेंडा कसला लावलात?

दिल्लीकडून विचारणा येत राहिल्या. खांबाची उंची जमिनीपासून सांगितली ती समुद्रसपाटीपासून सांगा. जागेचा नकाशा पुन्हा पाठवा. नकाशा पोचला, पण त्यावरचा शिक्का अस्पष्ट आहे. मी कागदाचा माणूस असल्यामुळे मला यात सुरुवातीला मजाच वाटली. मी प्रत्येक शंकेचं चोख उत्तर धाडलं. मग मजा जाऊन चीड आली, मग चीडही गेली, आणि शेवटी मी उत्तरं पाठवायचो ती सकाळी दात घासावेत तशी.

वर गेलो की आबा लांबूनच विचारायचे, "आला?" मी मान हलवायचो. ते पुढचं काही विचारायचे नाहीत. सोमाचा फोन माझ्या बूथवर यायचा, रविवारी. "दादा, लायसन आलं का?" "नाही रे." "आलं की बोला हां. सामान भरके रेडी है मैं." त्याचा आवाज मोकळा असायचा, खुशीत असायचा. मी ते वर जाऊन जसंच्या तसं सांगायचो, सामान भरून तयार आहे म्हणतो. गोदूबाई ऐकायच्या आणि लगेच काहीतरी कामाला लागायच्या. एकदा त्यांनी पडवीच्या एका कोपऱ्याला कुडाची भिंत घालून खोली केली. मुंबईत राहिलेल्या पोराला वेगळी खोली लागते, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. एकदा म्हशीची चांगली रेडी विकायला नकार दिला, सोमाला होईल म्हणून. अशी ती वर्षं गेली. त्या घरात कुणी दुःखी नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. ती माणसं वाट बघत होती, आणि वाट बघण्यात त्यांचं बरं चाललं होतं.

दोन हजार पाचच्या जानेवारीअखेर पनवेलहून फोन आला. नियम बदलला. आम्ही ज्या लहरी मागत होतो त्या कमी जोरावर वापरायला आता सगळ्यांना मोकळ्या. परवाना नको, अर्ज नको. आपला अर्ज ते निकाली काढतील. "उद्याच लावा तबकडी," कंपनीचा माणूस हसत होता. मी फोन ठेवला. समोरच्या टपरीवर चहा सांगितला. चहा आला, मी तो प्यालो. आनंद व्हायला हवा होता, निदान राग तरी. मला काहीच झालं नाही. दुकानात एक बाई रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या, ती मी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. आबा खांबाजवळच होते.

"आला?"

"आबा, आता परवाना लागतच नाही. सरकारने मोकळं केलं."

"म्हंजे कागुद आला."

"नाही. कागद येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "येनार नाय, का लागत नाय?"

"लागत नाही, म्हणून येणार नाही."

ते कातळावर बसले. मी तबकडी चढवायला आणलेल्या पोरांना सूचना देत राहिलो, पण माझं एक लक्ष त्यांच्याकडे होतं. हा माणूस अडाणी असेल, पण कोर्टातल्या वकिलालाही सुचणार नाही असा प्रश्न त्याने मला विचारला होता, आणि उत्तर त्याला कळलं होतं. ते मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं, आणि पुढे ते विसरलो नाही.

जानूबाबांचं म्हणणं पडलं की कागद आला नाही म्हणजे नवस फिटला नाही, पण देवीला कौल लावून सुटका मागता येते. दगडावर फुलं चिकटवायची, उजवं फूल पडलं की मोकळा. आबांनी ऐकून घेतलं. "सोमा येऊ दे," ते म्हणाले. "मग बसू कौलाला. त्याच्या देखत पिईन."

तबकडी लागली, हिरवा दिवा लागला, आणि त्याच संध्याकाळी पोलादपूरच्या एका दुकानात माझं इंटरनेट सुरू झालं. मी सोमाला फोन केला. तोपर्यंत त्याच्याकडे मोबाइल आला होता.

"सोमा, ये. काम सुरू झालं."

"लायसन आलं?"

"लायसन लागतच नाही आता. उद्यापासून तुझी नोकरी पक्की."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "हां दादा. सेठ को बोलना पडेगा. शिमग्याला येतोच."

शिमगा आला, पालखी नाचली, सोमा आला नाही. शेठने सुट्टी दिली नाही. मग पेरणीनंतर येतो म्हणाला. जुलैत महाडात पाणी शिरलं, माझ्या दुकानाचा खालचा मजला गेला, आणि आसपास जे झालं त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्या दिवसांत सोमाला येता आलं नाही, रस्तेच बंद होते. पण रस्ते पुढे उघडले. गणपतीही आले आणि गेले. मग त्याचा मोबाइल नंबर बदलला.

खांबाचं काम आबाच करू लागले. मी सांगितलं नव्हतं. तबकडीवरची धूळ पंच्याने पुसायची, वानरं चढली की दगड मारून हाकलायची, बॅटरी उतरली की पाठुंगळीला मारून खाली पोलादपूरला. पगार घ्या म्हटलं तर म्हणाले, "जागा सोमाची हाय. तो आला की त्याचा त्याला द्या." कंपनीच्या कागदावर ती जागा रिकामीच राहिली.

धंद्याचं म्हणाल तर मोकळं म्हणजे काय, ते मला सहा महिन्यांत समजलं. मला मोकळं तसं सगळ्यांनाच मोकळं. पोलादपूरच्या केबलवाल्याने गच्चीवर तबकडी लावली. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने दोन लावल्या. बिरवाडीकडे आणखी कुणीतरी. सगळे त्याच लहरींवर. माझ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट रडतखडत चालायला लागलं आणि शिव्या मी खाल्ल्या. परवान्याचा जमाना असता तर मी पोलिसांत गेलो असतो. आता कुणावर आणि कसली तक्रार करणार? सगळेच कायद्याने बरोबर. मी तबकडी आडवी केली, उभी केली, जोर कमी-जास्त करून बघितला. शेवटी आम्ही सगळे तबकडीवाले हायवेवरच्या एका हॉटेलात बसलो, मिसळ खाल्ली आणि तोंडी वाटणी केली. हा पट्टा तुझा, तो माझा, मधला रिकामा. लिहून काही घेतलं नाही. सरकारने मोकळं सोडलेलं आम्ही मिसळीवर वाटून घेतलं, आणि ती वाटणी कुणी मोडली नाही. वडील असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

दोन हजार सातमध्ये सरकारने आणखी वरच्या लहरी मोकळ्या केल्या. गर्दीतून सुटायचं तर नवी यंत्रं घेणं भाग होतं. त्यासाठी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला निघालो. आदल्या दिवशी खांब बघायला वर गेलो होतो, तेव्हा गोदूबाई म्हणाल्या, "सोमाला बघून या. घाटकोपरला जानाराच आसाल तर." मी घाटकोपरला जाणार नव्हतो. हो म्हणालो.

जुन्या केबलवाल्याकडून नवा नंबर मिळाला. सोमा स्वतःच लॅमिंग्टन रोडला आला. अंगाने भरला होता, कमरेला मोबाइलचं पाकीट. त्याने मला यंत्रं घ्यायला मदत केली, दुकानदाराशी माझ्यापेक्षा चांगला बोलला. मग एका इराण्याकडे चहा घ्यायला बसलो. मी विषय काढला नाही. त्यानेच काढला.

"दादा, खरं बोलू? लायसन होतं तोपर्यंत बरं चाललं होतं."

"लायसन कधी होतं?"

"म्हणजे नव्हतं ना. आलं नव्हतं, तेच बरं होतं. बाबा विचारायचे कधी येतो, मी बोलायचो लायसन आलं की. त्यांना पटायचं. मला पण पटायचं."

"आणि आता?"

त्याने बशीतला चहा संपवला. "मला नाय यायचं, दादा."

"का? इथे काय आहे? लग्न-बिग्न केलंस?"

"नाय. तसं काय नाय. शेठ पण धड नाय, खोली पण धड नाय. कारण काय सांगू? कारण नाय. नाय यायचं." तो शांतपणे बोलत होता. मी शोधत होतो, पण त्याच्या बोलण्यात मला ना राग सापडला ना लाज.

मला संताप आला. खूप दिवसांनी मला काहीतरी आलं म्हणायचं. "तुझ्या बापाने पाच वर्षं ताकाचा थेंब घेतलेला नाही, तुला माहीत आहे?"

"माहितीये," तो म्हणाला. "मी बोललो होतो का, सोडा म्हणून?"

 तो नव्हताच बोललेला. संताप आला तसा गेला, आणि पुन्हा आधीसारखं सपाट झालं. निघताना त्याने माझं खोकं एशियाडच्या डिकीत नीट लावून दिलं. "तुमीच सांगा घरी," तो म्हणाला. "तुमचं ऐकतात ते. सांगा, वाट नका बघू."

परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवली. मी कारकुनाचा मुलगा. जे आहे ते कागदावर आहे तसं सांगायचं, पदरचं घालायचं नाही. आबा, सोमा येणार नाही. कारण नाही. ताक प्या. एवढंच सांगायचं आणि खाली उतरायचं, असं मी ठरवलं.

वर पोचलो तर सगळा वाडा देवळाशी. पावसाच्या आधी देवळाची कौलं चाळायचं काम चाललं होतं. फुटकी काढायची, चांगली पुन्हा बसवायची. आबा शिडीवर उभे राहून खालून आलेली कौलं वरच्या माणसाला देत होते. गोदूबाई आणि बाकीच्या बाया कौलांच्या टोपल्या भरत होत्या. मी आलेला बघून हात थांबले. मी मुंबईला गेलो होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जानूबाबांना दम धरवत नाही. "भेटला काय सोमा?"

"भेटला," मी म्हटलं. "बरा आहे."

"मग येत का नाय?" ते माझ्याशी बोलत होते, पण बघत शिडीकडे होते. "आता तर कागदाची अडचन नाय म्हनतात. पोलादपुरात जो उठतो तो तबकडी लावतो. मग ह्याचा पोरगा येत का नाय?"

 आबांनी हातातलं कौल वर दिलं आणि म्हणाले, "कागुद नाय आला अजून."

"आरं, पन लागत नाय ना कागुद!"

"त्यास्नी लागत नाय. त्यांनी अर्ज केलाच नाय. आमचा अर्ज हाय दिल्लीत." त्यांनी शिडीवरूनच मान वळवली. "सांगा की, शेठ. आला काय कागुद?"

येणार नाही आणि लागत नाही यातला फरक मला विचारणारा हाच माणूस. अर्ज निकाली निघाल्याचं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांना ते नीट समजलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. आता दिल्ली मधून काढून टाकली तर सोमा न येण्याचं एकच कारण उरत होतं, आणि ते त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं. सगळ्या वाडीसमोर ते मला ते कारण बोलू नका म्हणून विनवत होते. आवाज नेहमीचाच होता. फक्त त्यांनी शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

गोदूबाई टोपली कमरेवर घेऊन उभ्या होत्या. त्याही माझ्याचकडे बघत होत्या. त्यांना किती कळलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. रस्ताभर जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात होती.

"नाही आला," मी म्हटलं. "परवाना आला की सोमा येतो म्हणालाय. सामान भरून तयार आहे."

जानूबाबा माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बघून कौलं निवडायला लागले. कुणीतरी खाकरलं. गोदूबाईंनी टोपली शिडीच्या पायाशी ठेवली, पण त्यांचा हात टोपलीच्या काठावरच राहिला. आबांनी वाकून त्यांच्याकडे बघितलं.

"दिल्लीचा काम हाय गो," ते त्यांना समजावत म्हणाले. "वेळ लागतोच."